कमानीवरचं घर

१

सोमवारी सकाळी साडेदहाला एक बाई आमच्या विभागात आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणाल्या, "माझं घर गेलंय."

सव्वीस वर्षं मी या विद्यापीठाच्या नियोजन विभागात नकाशाखोली सांभाळते आहे. इथे येऊन लोकांनी काय काय हरवल्याचं सांगितलंय. छत्र्या, प्रबंध, एकदा तर एका मुलीने तिचे मार्गदर्शक हरवल्याचं सांगितलं होतं. घर मात्र अजून कोणी हरवलं नव्हतं. मी बाईंना बसायला सांगितलं. त्यांनी पिशवीतून आमचीच छापील यादी काढली आणि माझ्यापुढे पसरली.

ती यादी म्हणजे आमच्या विभागाचा तीन वर्षांचा घाम. आमचं विद्यापीठ आणि समुद्रापलीकडचं एक विद्यापीठ, दोघांनी मिळून गावातल्या जुन्या बाजारपेठेचा अभ्यास केला होता. अर्थशास्त्रवाल्यांनी पाहिलं की कुठलं दुकान कशापासून किती पावलांवर आहे आणि त्यामुळे त्या जागेला काय मोल येतं. वारसावाल्यांनी पाहिलं की कुठल्या घरात जपण्यासारखं काय उरलंय. दोन्ही एकत्र करून जपायच्या दोनशे बारा घरांची यादी झाली. गुरुवारी अकरा वाजता दोन्ही विद्यापीठं तिच्यावर सह्या करणार होती. त्यानंतर यादीतल्या घराला कोणी हात लावायचा नाही, आणि यादीबाहेरच्या घराचं काही खरं नाही.

बाई घड्याळं दुरुस्त करायच्या. बाजाराच्या तोंडाशी एक दगडी कमान आहे, तिच्यावर दोन खोल्या आहेत, तिथे त्या राहायच्या. खालून रस्ता जातो, वर बाईंचा संसार. मालाच्या गाड्यांना कमान अरुंद पडते म्हणून ती पाडायचं नगरपालिकेच्या मनात केव्हापासून घोळत होतं. वरचं घर यादीत आलं असतं तर कमान आपोआप वाचली असती. पण यादीत कमानीच्या अलीकडची छत्रीवाल्याची इमारत होती, पलीकडची भांड्यांची वखार होती, आणि मधलं घर नव्हतं.

"मी कळवलं होतं हो," बाई म्हणाल्या.

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणाले.

हरकती घ्यायची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. आलेल्या एकशे बारा हरकती मी स्वतः नोंदवल्या होत्या. प्रत्येकीवर घराचा क्रमांक, प्रत्येकीला उत्तर. घराच्या क्रमांकाशिवाय एक कागद माझ्या त्या रजिस्टरात दाखवावा कोणी, मी टेबल सोडून जाईन, असं मी मॅडमनाही सांगितलेलं होतं.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांनी बाईंचं म्हणणं ऐकलं, त्यांना चहा दिला, खाली रिक्षापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन दार लावून घेतलं. दोन विद्यापीठांमधला करार त्यांना तोंडपाठ होता. मुदतीनंतर यादीत घर वाढवायचं तर दोनच वाटा होत्या. एक तर त्या घराची हरकत मुदतीत आलेली पाहिजे, नाहीतर कोणीतरी मुद्दाम फेरफार केल्याचं सिद्ध झालं पाहिजे.

"हरकत आलेली नाही," मी ठामपणे सांगितलं.

"म्हणजे कोणी मुद्दाम काढलं असेल तरच घर वाचतं," मॅडम म्हणाल्या. "चुकून राहिलं असेल तर गेलं. गुरुवारपर्यंत मला चोर पाहिजे."

दुपारपर्यंत ही गोष्ट विभागभर झाली. संध्याकाळी निघायच्या आधी मी नकाशाखोलीत गेले. कमानीचा भाग चौदा नंबरच्या मूळ आराखड्यावर होता. हे आराखडे पेठेत प्रत्यक्ष मापं घेऊन हाताने काढलेले, प्रत्येकाची वेगळी गुंडाळी वेगळ्या नळीत. मी चौदा नंबरची नळी काढून झाकण उघडलं.

नळी रिकामी होती.

२

घरी जाऊन हे सगळं जाऊबाईंना सांगितलं नसतं तर माझ्या पोटात दुखलं असतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी एकतीस वर्षं टपालखात्यात काढली, त्यातली शेवटची बारा पत्ता न सापडणाऱ्या पत्रांच्या टेबलावर. पाण्याने शाई पसरलेलं पाकीट, नुसतं 'आत्याला मिळावे' लिहिलेलं पाकीट, असलं सगळं त्यांच्यापुढे यायचं आणि बहुतेक वेळा योग्य दारात जायचं. निवृत्त झाल्यापासून ही हुशारी त्या आमच्यावर वापरतात. माझ्या नवऱ्याने चष्मा कुठे ठेवला हे त्या खुर्चीतून न उठता सांगतात. त्याचा राग येतो, पण चष्मा सापडतो.

त्यांनी बिस्कीट चहात बुडवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कमानीवरचं ना? टोपलीचं घर."

त्या घराला रस्त्यावर दार नव्हतं. वर जायचं तर छत्रीवाल्याच्या इमारतीचा जिना चढून वरच्या बोळकांडीतून आत शिरायचं. पोस्टमनला एवढा जिना चढायला लागू नये म्हणून बाई खिडकीतून दोरीने टोपली सोडायच्या. पोस्टमनच्या वहीत त्या पत्त्यापुढे शेरा होता, हाक मारा आणि थांबा.

मी म्हणाले, "ताई, चोर कोण असेल?"

"मला काय माहीत. टपाल हरवलं की आम्ही चोर शोधत नव्हतो," जाऊबाई म्हणाल्या. "वाटेतले हात मोजायचो. कोणाकडून कोणाकडे गेलं, आणि प्रत्येकाने हातात आल्यावर काय केलं. तुमचं घर किती हातांतून गेलं?"

मी बोटांवर मोजलं. पेठेतली घरं तिघांनी तीन वेगळ्या पद्धतींनी मोजली होती. आमच्या ड्राफ्ट्समन काकांनी आराखडे काढून, पलीकडच्या विद्यापीठातून आलेल्या पाहुणीने रस्तोरस्ती फिरून, आणि अर्थशास्त्राच्या अंतरसरांनी कोष्टकं मांडून. तीन मोजण्या मुद्दामच ठेवल्या होत्या. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याच्या नजरेस पडावं. तिन्हींतल्या एकातही घर आलं तरी ते यादीच्या विचारात यायचं.

"म्हणजे तीन हात," जाऊबाई म्हणाल्या. "आणि बाई म्हणाल्या की मी कळवलं होतं."

"ते सगळेच म्हणतात हो ताई. माझ्या एकशे बारा हरकतींत त्यांची नाही. माझ्या रजिस्टरात बिनक्रमांकाचा एक कागद नाही."

"एकसुद्धा नाही?" जाऊबाईंनी विचारलं, आणि बिस्कीट चहात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

३

मंगळवारी त्या स्वतःचा कप पिशवीत घालून माझ्याबरोबर विभागात आल्या. मॅडमना मी सांगितलं, या माझ्या जाऊबाई, नुसत्या बसतील. मॅडम इतक्या काळजीत होत्या की त्यांनी हत्तीलासुद्धा बसू दिलं असतं.

पहिले अंतरसर. हे आमचे नावाजलेले प्राध्यापक, जागेच्या अर्थशास्त्रातले. अंतराशिवाय बोलत नाहीत म्हणून त्यांना हे नाव पडलं. चहाची टपरी दोनशे दहा पावलांवर आहे, म्हणून तिथला चहा महाग पडतो, असं ते मला दर आठवड्याला समजावतात. संशयाला सगळ्यात जवळचे तेच होते, कारण कमान मोठी केली तर प्रत्येक गाडीची सहा मिनिटं वाचतात असा लेख त्यांनीच लिहिला होता.

जाऊबाईंनी त्याबद्दल विचारल्यावर सर उखडले. "सहा मिनिटं वाचतात हे खरंच आहे. खरं लिहिलं म्हणजे मी घर पळवलं का? माझ्या कोष्टकात ते घर नव्हतंच. मी दर चौरस मीटर जमिनीमागे मोल काढतो. ज्याला जमीन आहे ते माझ्याकडे येतं." त्यांनी घाईत असल्यासारखं मनगटाकडे पाहिलं. मनगटावर घड्याळ नव्हतं, नुसता पट्ट्याचा फिकट डाग होता. त्यांनी हात खिशात घातला.

मग पाहुणी. ती दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला आपल्या भाषेतलं फक्त 'धन्यवाद' येत होतं. बाकीची भाषा ती माझ्या टेबलाशी बसून शिकली. त्यामुळे ती मॅडमना अगं म्हणते, अंतरसरांनाही अगं म्हणते, आणि कोणाला ते सुधारावंसं वाटत नाही. तिच्या टेबलावर एक फोटो होता. खिडकीतून खाली येणारी दोरीची टोपली, आणि टोपलीत एक पत्र.

"अगं, मी तिथे किती वेळा चहा प्यायले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी कशी काढणार ते घर?"

"तू मोजलंस कसं, बाळ?" जाऊबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे मोजतात तसं. रस्त्यावरून चालायचं. एक दार, एक घर. सगळ्या पेठेत मी चालले. एक दारसुद्धा सोडलं नाही."

तिसरे काका. ड्राफ्ट्समन काका या महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक रेघ चुकली नव्हती, आणि चुकली असती तर त्यांनी ती आम्हाला वाढदिवसासारखी दर वर्षी सांगितली असती. मापं घ्यायला ते सहा दिवस कमानीपाशी होते. वरून घड्याळबाईंनी रोज टोपलीतून त्यांना पाणी पाठवलं होतं, हे त्यांनीच मला कितीदा तरी ऐकवलं होतं. पण मंगळवारी काका कामावर आलेच नाहीत. बरं वाटत नसल्याचा निरोप आला.

दुपारी मी जाऊबाईंना शोधत बाहेर आले तर त्या पॅसेजमध्ये भिंतीसमोर उभ्या होत्या. मागच्या वर्षी दोन्ही विद्यापीठांची सभा झाली तेव्हा आम्ही चौदा नंबरच्या आराखड्याची छापील प्रत काचेच्या फ्रेममध्ये तिथे लावली होती. अकरा महिने आम्ही सगळे तिच्यासमोरून जात होतो आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

"ही तुटक रेघ कशाची गं, धाकटे?" त्यांनी विचारलं. कमानीच्या जागी रस्ता मोकळा दाखवला होता, आणि त्याच्यावरून तुकड्यातुकड्यांची एक बारीक चौकट गेली होती.

मी म्हणाले, मला माहीत नाही, काकांना विचारायला लागेल.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले. त्यांच्या काखेत गुंडाळी होती.

४

ती चौदा नंबरची गुंडाळी होती. काकांनी ती मॅडमच्या टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. कमानीवरची चौकट खोडलेली होती. कागद तिथे जरा खरबरीत दिसत होता.

"मी काढलं ते घर," काका म्हणाले. "मुद्दाम काढलं. कबुली लिहून आणलीय, सही केलीय. आता ते घर यादीत घ्या."

खोलीत मी होते, जाऊबाई होत्या, अंतरसर आणि पाहुणी होती. मॅडम कबुली वाचत होत्या. ही कबुली पुढे गेली की काकांची चौकशी लागणार, निवृत्तिवेतन अडकणार, आणि ज्या माणसाला आम्ही शाल देऊन निरोप देणार होतो तो खोटारडा म्हणून घरी जाणार. आणि ती पुढे गेली नाही तर कमान पडणार.

"का पण, काका?" मॅडमनी विचारलं.

"कारण काय ते लिहिलंय," काका म्हणाले. कबुलीत लिहिलं होतं, वैयक्तिक कारण. चाळीस वर्षांत काकांना एवढं फिकं वाक्य लिहिताना मी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "काका, खोडलंत कधी?"

"वर्ष होऊन गेलं," काका म्हणाले.

"मग माझ्याबरोबर जरा बाहेर या," जाऊबाई म्हणाल्या.

५

आम्ही सगळे त्या काचेच्या फ्रेमसमोर उभे राहिलो. जाऊबाईंनी तुटक चौकटीवर बोट ठेवलं.

"ही प्रत अकरा महिन्यांपूर्वी या आराखड्यावरून काढली. तेव्हा रेघ होती. यादी छापली दोन महिन्यांपूर्वी. आणि तुमच्या गुंडाळीत मघाशी खोडरबराचा भुगा होता, अजून झटकलासुद्धा नव्हता. काका, तुम्ही ही रेघ काल खोडलीत. घर गेलंय हे कळल्यावर. आजारी म्हणून घरी बसून."

काकांनी काचेवरून त्या रेघेवर बोट फिरवलं.

"चोर मिळाला तर घर वाचतं, असं मॅडम म्हणाल्याचं कानावर आलं," ते म्हणाले. "माझी नोकरी संपलीच आहे. त्यांना दुसरं घर नाही."

पाहुणीने सरळ जाऊन काकांना मिठी मारली. काकांना मिठीची सवय नव्हती, ते ताठ उभे राहिले, पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तर रडूच आलं. लिहायला लाज वाटायचं कारण नाही, सगळ्यांनाच आलं.

मॅडमनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग घर काढलं कोणी?"

जाऊबाईंनी आम्हाला परत खोलीत नेऊन बसवलं आणि त्यांचा हात मोजायचा हिशोब समजावला. काकांची रीत अशी की इमारत छातीच्या उंचीवर आडवी कापली आहे असं धरायचं. कापाच्या खालचं सगळं अखंड रेघेत काढायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा. कापाच्या वर अधांतरी जे असेल, छज्जा किंवा कमानीवरचं काही, ते नुसत्या तुटक रेघेने दाखवायचं. त्याला क्रमांक मिळत नाही. घड्याळबाईंचं अख्खं घर छातीच्या वर होतं.

पाहुणीने दारं मोजली, आणि त्या घराचं दार रस्त्यावर नव्हतं. ती चहा प्यायला छत्रीवाल्याच्या जिन्याने वर गेली, आणि तिला वाटलं आपण छत्रीवाल्याच्याच इमारतीत बसलोय. छत्रीवाल्याचं दार तिने आधीच मोजलं होतं.

सरांनी दुकानदारांच्या घेतलेल्या मुलाखतींत घड्याळबाईंची ओळ आलीच असणार. पण त्या घराखाली रस्ता, म्हणजे त्याची स्वतःची जमीन शून्य. मोलाला शून्याने भागता येत नाही, म्हणून सरांच्या यंत्राने ती ओळ आपोआप गाळली. सर ताडकन उठून आपल्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांनी कागद घेऊन आले. गाळलेल्या नऊ ओळी होत्या. आठ नुसत्या पाट्या आणि जिने, नववी घड्याळदुरुस्ती.

"तिघांनी आपापलं काम चोख केलं," जाऊबाई म्हणाल्या. "तिघांनाही वाटलं, आपल्याकडून काही सुटलं तर बाकीचे दोघे आहेतच. चोर कोणीच नाही."

"आणि मी नसेन हे तुम्ही कशावरून धरलंत?" अंतरसरांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "लेख तर माझा होता."

"तुमचं घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पट्ट्याचा डाग अजून ताजा आहे. घर पाडायला निघालेला माणूस आपलं घड्याळ तिथे टाकून येत नाही."

"वडिलांचं आहे," सर म्हणाले. "शुक्रवारी देणार आहेत. मीसुद्धा छत्रीवाल्याच्याच जिन्याने गेलो. आपण रस्त्यावर अधांतरी उभे आहोत हे माझ्या लक्षातच आलं नाही." ते एवढंसं तोंड करून बसले. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

पण मॅडमनी कबुली हळूच फाडली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. फेरफार नाही, म्हणजे ती वाट बंद. हरकत नाही, म्हणजे दुसरीही बंद. उद्या अकराला सह्या होणार होत्या.

जाऊबाई उठल्या. "एक हात मोजायचा राहिलाय," त्या म्हणाल्या. "जरा वेळ द्या. धाकटे, चल, मला तुझी नकाशाखोली दाखव."

६

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

"एकशे बारा हरकती आल्या," त्या म्हणाल्या, "आणि बिनक्रमांकाची एकही नाही. धाकटे, एकतीस वर्षांत मी असा ढीग पाहिला नाही. कुठल्याही ढिगात चारदोन पत्रं बिनपत्त्याची असतातच. नसतील तर कोणीतरी ती आधीच बाजूला काढलेली असतात. ज्याचं घर यादीतच नाही त्याचं पत्र आलं तर तू कुठे ठेवतेस?"

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक निळी फाइल आहे. तिच्यावर मीच लिहिलंय, यादीबाहेरचे. दुसऱ्या पेठांतले लोक पत्रं पाठवतात, कोणी गटाराबद्दल लिहितं, कोणी कविता पाठवतं. माझी रीत अशी की पत्रातलं घर यादीत आधी शोधायचं. यादीत नसेल तर त्या कागदाचा आपल्याशी संबंध नाही. शिक्का मारायचा आणि निळ्या फाइलीत टाकायचा. माझं हरकतींचं रजिस्टर स्वच्छ राहायचं त्याचं कारण हे होतं.

"मी बाहेर थांबते," जाऊबाई म्हणाल्या, आणि खरंच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पत्र वरून सातवं होतं. बारीक, सरळ अक्षर. मी कमानीवर राहते. आपल्या यादीत माझं घर दिसत नाही, कृपया पाहावे. वर माझा आवक शिक्का, मुदत संपायच्या पाच दिवस आधीची तारीख, खाली माझी आद्याक्षरं. आणि लाल शाईत माझाच शेरा होता, घर क्रमांक यादीत नाही, सबब संबंध नाही.

मी ते तीनदा वाचलं. ज्या बाई सांगत होत्या की मला यादीतून वगळलंय, त्यांना मी यादीत नाही म्हणून वगळलं होतं. आणि सोमवारी त्या समोर उभ्या असताना मी म्हणाले होते, असं सगळेच म्हणतात. तिघांची मी दोन दिवस उलटतपासणी केली होती, आणि चौथा हात माझा होता. सव्वीस वर्षांचा तोरा एका कागदाने उतरवला.

खरं सांगायचं तर एक क्षण तो कागद परत फाइलीत सारावा असं मनात आलं. कोणी पाहिलं नव्हतं. जाऊबाई दाराबाहेर पाठ करून उभ्या होत्या, हेही मला काचेतून दिसत होतं. मग मला काकांची गुंडाळी आठवली. त्या माणसाने न केलेली चूक अंगावर घेतली होती, आणि मला केलेली घ्यायला जड जात होती. मी पत्र घेऊन बाहेर आले.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"सोमवारी, बिस्कीट बुडालं तेव्हा. खात्री नव्हती," त्या म्हणाल्या. "खिडकीतून टोपली सोडून टपाल घेणारी बाई वेळेत पत्र टाकणारच. आणि टाकलेलं पत्र पोचतंच, त्याची मी हमी देते. म्हणजे ते पोचल्यावर हरवलं असणार."

"मग सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"वाटेतले हात मोजल्याशिवाय शेवटच्या हाताला दोष द्यायचा नाही, अशी आमची रीत होती," जाऊबाई म्हणाल्या. "शिवाय फाइल तुझी. ती तूच उघडलेली बरी."

गुरुवारी अकराला दोन्ही विद्यापीठांची माणसं टेबलाभोवती बसली. पलीकडचे कुलगुरू पडद्यावर होते. मी उभी राहिले, पत्र वाचलं, माझा लाल शेरा वाचला, आणि चूक माझी आहे असं सांगितलं. पाहुणीने ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि नंतर कळलं की माझ्याबद्दल तीन चांगली वाक्यं तिने स्वतःची घातली होती. शिक्का मुदतीतला होता. कोणी हरकत घेतली नाही. दोनशे तेरावं घर यादीत आलं आणि सह्या झाल्या. अंतरसरांनी गाळलेली नववी ओळ स्वतः परत भरली, आणि सहा मिनिटं वाचवायला गाड्यांनी मागच्या रस्त्याने जावं असा नवा लेख लिहायला घेतला. काकांनी चौदा नंबरवरची तुटक चौकट पुन्हा आखली. निवृत्त व्हायच्या आधीची त्यांची ती शेवटची रेघ. मला मेमो मिळाला. तो मी माझ्याच आवक वहीत, शिक्का मारून, नोंदवला.

पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी ते टंकून पाकिटात घातलं तर जाऊबाई म्हणाल्या, टपालाने नको, हातात दे. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी कमानीखाली गेलो. बाजार भरलेला होता. मी वर पाहून हाक मारली आणि थांबले. खिडकी उघडली, टोपली खाली आली. मी पाकीट ठेवलं, टोपली वर गेली.

बराच वेळ काही झालं नाही. मग घड्याळबाई खिडकीत आल्या. चष्मा कपाळावर, हातात माझं उत्तर.

"तुम्ही कळवलं होतं," मी वर पाहून म्हणाले.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

जाऊबाई माझ्या शेजारी छत्रीवाल्याच्या पाटीकडे बघत गालातल्या गालात हसत होत्या. छत्रीवाला बाहेर आला होता. वखारीतली माणसंही थांबली होती.

मी तोंडाभोवती हात धरले आणि भर बाजारात ओरडून सांगितलं, "तुम्ही कळवलं होतं. वेळेत कळवलं होतं. मीच पाहिलं नाही."

वरून टोपली परत खाली आली. तिच्यात अंतरसरांच्या वडिलांचं घड्याळ होतं आणि एक चिठ्ठी होती. सरांना द्यावे, बरोबर चालते आहे. आणि खाली लिहिलं होतं, वर या, चहा ठेवलाय, जिना छत्रीवाल्याकडून.